वजनाचा भरवसा: ट्रॅक्टरच्या स्लॅशरबाबतच्या एका समजुतीचे खंडन

नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला महामार्ग जामला फुटतो. एक रस्ता हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. समुद्रपूर तालुक्यातल्या या चौफुलीच्या चारी अंगांनी कापसाची काळी वावरं पसरली आहेत आणि पाऊस ओसरला की त्या वावरांच्या मालकांपुढे दोन कामं उभी राहतात. पहिलं धुऱ्यांचं नि पांदणीचं. बाभळीची पिलं, पळसाचे फुटवे, टणटणी, नाल्याकाठची बेशरम हे सारं तोडायचं असतं. दुसरं काम वेचण्या संपल्यावर उभ्या पऱ्हाटीचं. कुऱ्हाड आणि विळा घेऊन ही कामं करणारा मजूर आता मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा स्लॅशर घ्यावा असा विचार घरोघर होतो. आणि कोणता घ्यावा, या प्रश्नाला या भागात एकच उत्तर ऐकू येतं: जड असेल तो घ्या.

हे उत्तर अडाण्यांचं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. त्यामागे चार युक्तिवाद आहेत आणि ते नीट मांडल्याशिवाय त्यांचं खंडन करण्याला अर्थ नाही. पहिला युक्तिवाद पत्र्याचा: सहा मिलिमीटरचा पत्रा चार मिलिमीटरच्या पत्र्याहून उघडच जास्त मार खातो, दगड लागला तर पोचा पडत नाही. दुसरा गिअरबॉक्सचा: ट्रॅक्टर पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा असेल तर गिअरबॉक्स साठचा घ्यावा, म्हणजे तो कधी दमणार नाही. तिसरा बोल्टचा: ज्या यंत्राचा शाफ्टवरचा बोल्ट वारंवार तुटतो ते यंत्र कच्चं, आणि तो बोल्ट पक्का बसवला की यंत्रही पक्कं. चौथा पात्याचा: पातं जितकं कडक आणि धारदार तितकं चांगलं. चारही युक्तिवादांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, ती म्हणजे बळाला बळ लावलं की वस्तू टिकते. बैलगाडीच्या आखाबाबत, नांगराच्या फाळाबाबत ही कल्पना बरीचशी खरी होती, कारण तिथे वेग नव्हता. स्लॅशर मात्र वेगाचं यंत्र आहे आणि सगळा घोळ तिथे होतो.

आधी वेगाचा हिशेब करू. आपल्या ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणारा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा. स्लॅशरचा गिअरबॉक्स हा वेग वाढवतो, कुठे १.४७ पट, कुठे १.९३ पट. १.९३ धरला तर पात्यांचा आडा मिनिटाला सुमारे १,०४२ वेळा फिरतो. पाच फुटी यंत्रात पात्याचं टोक मधल्या अक्षापासून पाऊण मीटरवर असतं. म्हणजे ते टोक सेकंदाला सुमारे ८२ मीटर, ताशी जवळजवळ ३०० किलोमीटर वेगाने धावत असतं. या वेगाला गवत कापणं कठीण नाही. प्रश्न गवताचा नाहीच. गवतात दडलेला बाभळीचा जुना खुंट, बांधाची दरड ढासळून आलेला दगड किंवा जमिनीत अर्धवट गाडलेला कुंपणाचा लोखंडी खांब जेव्हा त्या वेगापुढे येतो, तेव्हा काय होतं हा खरा प्रश्न आहे.

तेव्हा पातं क्षणात थांबू पाहतं. मागे इंजिनचं जड फ्लायव्हील मात्र आपल्या गतीने फिरतच असतं. त्यात साठलेली सगळी ऊर्जा एका झटक्यात पीटीओ शाफ्टमधून गिअरच्या दातांवर उतरते. या क्षणी ट्रॅक्टर पंचेचाळीसचा आहे की पस्तीसचा, याला फारसा अर्थ उरत नाही. इंजिन तासन्‌तास जो जोर देऊ शकतं त्याच्या कित्येक पट जोर त्या पापणी लवण्याच्या वेळात दातांवर येतो. साठ हॉर्सपॉवरचा गिअरबॉक्स हा संथ, सलग भाराचा आकडा आहे. धडकेपुढे त्याची मात्रा चालत नाही. मोठा गिअरबॉक्स घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण त्याच्या भरवशावर पुढचा बोल्ट ‘पक्का’ करणं म्हणजे खिडकीला दणकट गज आहेत म्हणून दार उघडं टाकण्यातला प्रकार आहे.

चारपैकी सर्वात जास्त नुकसान करणारी समजूत या बोल्टचीच आहे, म्हणून तिथे जरा थांबू. पीटीओ शाफ्टच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या तोंडाशी एक बोल्ट असतो. हा शिअर बोल्ट तुटण्यासाठीच ठेवलेला असतो. ठरावीक जोरापलीकडे भार गेला की तो कातरला जातो, शाफ्ट मोकळा फिरू लागतो आणि गिअरबॉक्स वाचतो. हल्ली काही यंत्रांत या बोल्टऐवजी घर्षणाचा क्लच असतो. त्याचं काम तेच. आता बोल्टच्या डोक्यावर कोरलेले आकडे पाहा. ४.६ लिहिलेल्या बोल्टचं पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४०० न्यूटनला तुटतं, ८.८ लिहिलेल्याचं ८०० ला. बाजारात ज्याला एचटी बोल्ट म्हणतात तो बहुधा ८.८ चा किंवा त्याहून वरचा. निर्मात्याने ४.६ चा सांगितला असताना तिथे ८.८ चा टाकला की यंत्राची संरक्षक मर्यादा एका क्षणात दुप्पट होते. बोल्ट तुटणं थांबतं, मालक खूश होतो. पण धडक थांबलेली नसते. ती आता गिअरच्या दातांत, शाफ्टच्या खाचांत, कधी ट्रॅक्टरच्या पीटीओच्या आतल्या भागात जाऊन बसते.

चौफुलीजवळच्या एका वर्कशॉपात असा एक गिअरबॉक्स उघडलेला मी पाहिला आहे. झाकण काढलेलं, लहान गिअरचे तीन दात मुळापासून गेलेले, चौथ्याच्या बुडाशी केसाएवढी बारीक चीर. बाजूला उतरवून ठेवलेल्या शाफ्टवरचा बोल्ट मात्र जसाच्या तसा, डोक्यावरचे आकडे स्वच्छ वाचता येणारे. यंत्राचा ड्रायव्हर शेजारी उभा होता. ‘रोज रोज बोल्ट तुटे, म्हून एचटी टाकला भाऊ,’ तो म्हणाला. रोज का तुटत होता, हे कुणी पाहिलं नव्हतं. त्या शेतात धुऱ्याशी तोडलेल्या बाभळींचे जुने खुंट जमिनीपासून वीतभर वर राहिले होते आणि यंत्र त्याच उंचीवर चालवलं जात होतं. बोल्ट दर वेळी तेच सांगत होता.

त्या गिअरबॉक्सखाली आणखी एक गोष्ट दिसली, ती कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही. खालच्या शाफ्टभोवती, पात्यांच्या आड्याच्या वर, नायलॉनच्या धाग्यांचं एक कडक काळं कडं तयार झालं होतं. रानडुकरांना बुजवायला आपल्याकडे धुऱ्यांवर जुन्या साड्या बांधतात. त्या साड्यांच्या चिंध्या वाऱ्याने गवतात पडतात, स्लॅशर त्या ओढून घेतो, शाफ्टभोवती गुंडाळतो, आणि घर्षणाच्या उष्णतेने त्या वितळून घट्ट बसतात. मग त्या कड्याची कड ऑइल सीलला कातरते. सील गेलं की तेल थेंबाथेंबाने गळतं, धूळ आणि पाणी आत शिरतं, बेअरिंग जातं. ठिबकच्या फाटक्या नळ्या, कुंपणाची तार, पऱ्हाटीच्या सालीचे तंतू, सगळे हेच करतात. पत्रा सहाचा असो की आठचा, याला उत्तर नाही. उत्तर आहे ते सीलच्या खाली बसवलेल्या संरक्षक कड्यात आणि रोज काम संपल्यावर ट्रॅक्टर बंद करून, यंत्र टेकवून, सुरीने तिथला गुंता कापून काढण्यात. स्लॅशर विकत घेताना वाकून खालून पाहावं ते यासाठी. ज्या यंत्रात सीलला कसलंच आवरण नाही आणि हात घालायला जागाही नाही, त्याचं वजन कितीही असलं तरी या भागात ते टिकणार नाही.

आता जाड पत्र्याचा युक्तिवाद. यात तथ्य आहे आणि ते मी आधी मान्य करतो. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो आणि उडालेल्या दगडाला जाड पत्रा अधिक चांगला अडवतो. पण शेतात टाकून दिलेले स्लॅशर पाहिले तर पत्रा वाकून निकामी झालेलं यंत्र क्वचित दिसतं. पत्रा चिरतो. तो कुठे चिरतो? वेल्डिंगच्या टोकाशी, गिअरबॉक्सच्या बैठकीच्या कोपऱ्यात, तीन बिंदू जोडणीच्या कानांच्या बुडाशी. म्हणजे जिथे आकार एकदम बदलतो तिथे.

ही गोष्ट जगाने फार मोठी किंमत देऊन शिकली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आख तुटला आणि पन्नासहून अधिक माणसं मेली. आख बारीक होता म्हणून तुटला, असा सोपा निष्कर्ष काढता आला असता. पण विल्यम रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने १८४३ मध्ये दाखवलं की असे आख जिथे जाडी एकदम बदलते त्या धारदार कोनातून चिरत जातात. चीर रोज थोडी पुढे सरकते आणि एक दिवस उरलेला भाग भार पेलू शकत नाही. त्याचा उपाय अधिक लोखंड घालण्याचा नव्हता, त्या कोनाला गोलाई देण्याचा होता. पुढे जर्मनीत ऑगस्ट वोलर याने वर्षानुवर्षं प्रयोग करून सिद्ध केलं की एका मोठ्या भारापेक्षा पुन्हापुन्हा येणारे छोटे भारच धातूला मारतात. स्लॅशर म्हणजे अशा छोट्या भारांची अखंड मालिकाच. म्हणून दोन यंत्रं शेजारी ठेवली तर मी आधी जाडी मोजणार नाही. कडा वाकवून घडी दिली आहे का, गिअरबॉक्सच्या बैठकीखाली आडवे पट्टे आहेत का, वेल्डिंग सलग आणि टोकाशी गोलाईने संपलेलं आहे का, हे पाहीन. नीट घडवलेला चारचा पत्रा कसाबसा जोडलेल्या सहाच्या पत्र्याला सहज मागे टाकतो.

वाढीव वजन फुकटही मिळत नाही. चारऐवजी सहा मिलिमीटरचा पत्रा म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १६ किलो जास्त. पाचफुटी यंत्रावर चाळीसेक किलो. हे वजन मागच्या चाकांच्या बरंच मागे लोंबतं. पांदणीच्या खाचखळग्यांतून यंत्र उचलून नेताना प्रत्येक धक्का जोडणीच्या कानांवर बसतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं. छोट्या ट्रॅक्टरवर अवजड स्लॅशर जोडणाऱ्याने पुढे वजनाच्या विटा लावल्या नाहीत तर धुरा ओलांडताना ट्रॅक्टर मागे झुकेल. टिकाऊपणाच्या नावाखाली हा धोका विकत घेण्यात शहाणपण नाही.

पात्याचं तर अगदी उलटं आहे. घरची विळी धारदार हवी म्हणून स्लॅशरचं पातंही वस्तऱ्यासारखं हवं, असं मानलं जातं. पण झुडपं तोडणारी पाती मुद्दाम बोथट ठेवतात. कडेला दीडेक मिलिमीटर जाडी राहू देतात. पातं धारेपेक्षा वेगाने कापतं, आणि बारीक धार पहिल्याच खड्याला दुमडते किंवा तुकडा पडून उडते. कडकपणाचंही तसंच. फार कडक पोलाद ठिसूळ असतं. निर्मात्याने उष्णतेची जी प्रक्रिया देऊन पातं तयार केलं, ती कुणी वेल्डिंगने वर नवं लोखंड चढवून किंवा भट्टीत तापवून सरळ करताना घालवली, तर ते पातं कधी फुटेल हे सांगता येत नाही. सेकंदाला ८० मीटर वेगाने सुटलेला तुकडा रस्त्यावरच्या माणसाला सोडत नाही. पातं बदलायचं तर जोडीनेच बदलावं, दोन्ही सारख्या वजनाची. एक जुनं एक नवं लावलं की यंत्र थरथरतं आणि ती थरथर पुन्हा त्याच वेल्डच्या कोपऱ्यांत जाते.

पाती आड्याला घट्ट बसवलेली नसतात, एका जाड बोल्टवर मोकळी लटकतात. हीसुद्धा मुद्दाम ठेवलेली कमजोरी आहे. खुंट आला की पातं मागे वळतं आणि पुन्हा बाहेर येतं. त्याला बाहेर धरून ठेवतं ते फिरण्याचं बळ. चार किलोचं पातं आणि त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून ५५ सेंटिमीटरवर धरला तर पूर्ण वेगाला हे बळ अडीच टनांहून जास्त भरतं. वेग निम्मा केला की ते पावभरच उरतं. डिझेल वाचवायला ड्रायव्हर थ्रॉटल कमी करतो तेव्हा नेमकं हेच होतं: पातं नीट बाहेर राहत नाही, प्रत्येक झुडपाला मागे दबतं, परत आदळतं आणि बोल्टचं भोक लंबगोल करून टाकतं. शिवाय तेवढंच काम कमी वेगात करायला शाफ्टवर जास्त पीळ पडतो. भाड्याने चालणाऱ्या यंत्रांत हे फार दिसतं, कारण डिझेल ड्रायव्हरच्या हिशेबात असतं आणि गिअरबॉक्स मालकाच्या. मीटरवर ५४० ची खूण असते. त्या खुणेवर इंजिन ठेवून, हवं तर गिअर एक खालचा घेऊन पुढे सरकावं.

शाफ्टचं गणितही वजनाच्या बाहेरचं आहे. पीटीओ शाफ्टच्या दोन टोकांचे सांधे कोनात फिरतात. तीस अंशांच्या कोनात फिरणारा एक सांधा ५४० चा एकसारखा वेग प्रत्येक फेरीत दोनदा ४६८ ते ६२४ असा हेलकावत ठेवतो. यंत्र जमिनीवर समांतर असतं तेव्हा दुसरा सांधा हा हेलकावा पुसून टाकतो. पण धुऱ्यापाशी पीटीओ चालू ठेवूनच यंत्र उंच उचललं की दोन्ही कोन जुळत नाहीत आणि तो सगळा हेलकावा गिअरबॉक्समध्ये शिरतो. ट्रॅक्टरच्या मापाने शाफ्ट न कापता तसाच लावला आणि तो लांब पडला, तर उचलताना नळ्या बुडाला टेकतात आणि बेअरिंगवर घणाचा ठोका बसतो. शाफ्ट मापाने कापून देणारा आणि नळ्या एकमेकांत तिसऱ्या हिश्शाएवढ्या तरी राहतील हे तपासणारा दुकानदार मिळाला, तर त्याने पत्र्यात दोन मिलिमीटर घालण्याहून मोठी गोष्ट दिली असं समजावं.

जुन्या, एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरवाल्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी. क्लच दाबला तरी फिरणारी पाती गिअरबॉक्समधून ट्रॅक्टरलाच पुढे ढकलत राहतात. पुढे नाला असेल तर हे जीवावर बेतू शकतं. जितका आडा जड तितकी ही ढकल मोठी, म्हणजे इथे वजन शत्रूच. शाफ्टवर एकाच दिशेने जोर जाऊ देणारा क्लच असला की हा प्रश्न सुटतो. घर्षणाचा क्लच असेल तर वेगळी काळजी हवी: पावसाळाभर यंत्र गोठ्यात उभं राहिलं की त्याच्या चकत्या गंजून चिकटतात आणि मग तो क्लच उरत नाही, नुसता लोखंडाचा जोड होतो. हंगामापूर्वी त्याचे नट सैल करून, क्षणभर तो घसरू देऊन, पुन्हा पुस्तिकेतल्या मापाने आवळायचे असतात. हे करणारे मला फार थोडे भेटले आहेत.

पऱ्हाटीचाही एक प्रश्न वजनाच्या वादात दबून जातो. जड स्लॅशर घेतला की धुराही होईल आणि पऱ्हाटीही, असं धरून चालतात. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचं काय केलं हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ही अळी वाळक्या, न फुटलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते; म्हणून फरदड, म्हणजे वेचणीनंतर तीच झाडं राखून पुन्हा पीक, घेऊ नये आणि पऱ्हाटी रचून ठेवू नये असं शास्त्रज्ञ सांगतात. स्लॅशर पऱ्हाटी तोडतो खरा, पण हातभर तुकडे करून. त्यातली पुष्कळशी बोंडं शाबूत राहतात, आणि जमिनीवर उभे राहिलेले टोकदार खुंट पुढच्या फेरीत ट्रॅक्टरचं टायर फोडतात. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी बारीक करून मातीत मिसळायची तर आडव्या दांड्यावर हातोड्या लटकवलेला श्रेडर लागतो. ते वेगळं यंत्र आहे. दोन्ही कामांसाठी एकच जड स्लॅशर घेऊन पऱ्हाटीत राबवणाऱ्याची पाती झिजतात, काम अर्धवट राहतं आणि दोष पुन्हा ‘हलक्या’ पत्र्याला दिला जातो. पऱ्हाटीसाठी श्रेडर भाड्याने घ्यावा, धुऱ्यासाठी मध्यम वजनाचा स्लॅशर घरचा असावा, असं माझं मत आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. सामान्य शेतकऱ्याने दुकानात उभं राहून बोल्टची प्रत, सीलचं आवरण, सांध्यांचे कोन कसे पाहायचे? वजन निदान डोळ्यांना दिसतं. पण माहिती मिळवण्याची वाट आहे. मध्य प्रदेशात बुदनी इथे १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर आणि शेती यंत्रांचं प्रशिक्षण देणारी, त्यांची तपासणी करणारी संस्था आहे. अशा संस्था यंत्र ठरावीक तास चालवतात, पाती किती झिजली, कोणता भाग बिघडला, हे मोजून अहवालात लिहितात. अनुदानाच्या योजनांत यंत्राला अशा अहवालाचा आधार लागतो, म्हणजे तो कागद कुठेतरी असतोच. जामच्या दुकानात ग्राहक यंत्राच्या कोपऱ्यावर मूठ आपटून आवाज ऐकतो. तेवढ्याच हक्काने त्याने अहवालाची प्रत मागावी, आणि शिअर बोल्ट कोणत्या प्रतीचा आहे, त्याचे दहा नग सोबत मिळतील का, हेही विचारावं. दुकानदाराने हसून ‘बोल्ट तुटणारच नाही’ असं सांगितलं, तर त्या दुकानातून यंत्र घेऊ नये.

कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांकडेही माझं एक मागणं आहे. अनुदानाच्या यादीत यंत्राची रुंदी आणि लागणारी हॉर्सपॉवर यांच्या शेजारी संरक्षक बोल्टची प्रत किंवा क्लच किती जोराला घसरतो तो आकडा आणि सीलला आवरण आहे की नाही, हे दोन रकाने घालावेत. छापायला खर्च नाही. ते रकाने आले की निर्मात्यांना त्यांत काहीतरी भरावं लागेल, आणि जाड पत्र्यावर चाललेली स्पर्धा त्या भागांकडे वळेल, जिथे यंत्र खरोखर मोडतं.